मास्तरांची दोरी

दार उघडायच्या आधीच काकूंना कळायचं. बाहेर कोण आहे ते नाही, पण त्याच्या हातात काय आहे ते. बेल लागोपाठ दोनदा वाजली की हातात कपडा असणार आणि तो उसवलेला असणार. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. हातात त्यांची निळी पँट होती. म्हणजे सकाळी वाळत घातली तेव्हा पँट होती, आता नुसते दोन पाय उरले होते.

"काकू, मला काही बोलायचं नाहीये," बाई म्हणाल्या आणि चांगल्या पाव तास बोलल्या. पँट नवी होती, एकदाच घातली होती. मास्तरांबद्दल आदर आहे, पण उद्या शाळेत पाहुणे यायचेत आणि आदर घालून शाळेत जाता येत नाही.

काकूंनी दोन्ही पाय ताब्यात घेतले, सकाळी देते म्हणाल्या आणि माफी मागितली. माफी मागायची त्यांना आता इतकी सवय झाली होती की दूधवाला उशिरा आला तरी यांच्याच तोंडून "माफ करा हं" निघायचं. तोही बिचारा गोंधळायचा.

दार लावून वळल्या, तर मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, खुर्चीत बसलेले. मांडीवर कोणाची तरी उशीची खोळ, हातात सुई आणि सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून तोडणं चाललेलं. ब्लेड काढून घेतलं होतं, कात्र्या कपाटात कुलपात होत्या, सुई मात्र हा माणूस कुठून पैदा करायचा देव जाणे.

"काय हे शिवलंय," मास्तर म्हणाले. "टीप बघ, बैल मुतल्यासारखी गेलीय. कोणाचं काम हे?"

"कंपनीचं," काकू म्हणाल्या.

"त्याला उद्या माझ्यासमोर उभा कर."

"करते हं. अख्खी कंपनी उभी करते."

आता, मास्तर कपडे चोरतात असं ज्यांना म्हणायचं असेल, आणि इमारतीत तसं म्हणणारे होते, त्यांनी आधी एवढं ऐकून घ्यावं. चौकात मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. पुढे गिऱ्हाईक, मागे मशीनवर बसलेले कारागीर आणि मागच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी. दिवसभर शिवून झालेला कपडा कारागिराने त्या दोरीवर टांगायचा. संध्याकाळी मास्तर चष्मा नाकावर घेऊन दोरीच्या एका टोकापासून निघायचे. हात शिवणीवरून फिरायचा. जमलेलं काम इस्त्रीला जायचं. न जमलेलं तिथेच उभ्या उभ्या उसवून ज्याचं त्याच्या मशीनवर टाकायचं. ओरडणं नाही, शिवी नाही, एक शब्द नाही. आपल्या मशीनवर उसवलेला कपडा दिसला की ज्याने त्याने काय ते समजायचं.

काकूही तिथेच शिकल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सुईत दोरा ओवायला त्यांना तीनदा थुंकी लावावी लागायची. मास्तरांनी त्यांना मशीनवर बसवलं आणि बायको म्हणून काडीची सवलत दिली नाही. पहिलं वर्षभर काकूंनी शिवलं कमी आणि उसवलेलंच जास्त बघितलं. मशीनमागे तोंड लपवून रडल्या, रडताना मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धारही केला. मग एकदा एका कोटाचं अस्तर शिवून त्यांनी दोरीवर टांगलं. मास्तर आले, हात फिरवला आणि पुढे गेले. बस, पुढे गेले एवढंच. त्या दिवशी काकू घरी गेल्या त्या जमिनीवरून दोन बोटं वरूनच.

तर असा माणूस. त्याने एकदा एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, तेव्हा कारागिरांना वाटलं मास्तर आज दमलेत. पुढे माप घेतल्यावर आकडा सांगेपर्यंत तो डोक्यातून जायला लागला. मग रोजचा रस्ता चुकायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध दिलं आणि हे औषध फार काही करणार नाही हेही प्रामाणिकपणे सांगितलं. दुकान बंद झालं. दोन मशीनं घरात पुढच्या खोलीत आली आणि काकू एकट्या कपडे लहान-मोठे करून देण्याची कामं घ्यायला लागल्या.

दुकान गेलं, दोरी गेली, पण संध्याकाळ काही यायची थांबत नाही. ती रोज येते. उन्हं कलली की मास्तर उठायचे, चष्मा लावायचे आणि कपडे टांगलेली दोरी शोधत निघायचे. ती कुठे सापडणार? गच्चीवर. तिथे तर अख्ख्या इमारतीचे कपडे ओळीने लटकलेले, एकाहून एक गचाळ शिवलेले. मास्तरांच्या जिवाला चैन कसं पडावं? त्यांची चूक एवढीच की उसवून झाल्यावर पुढे कारागिराने शिवायचं असतं आणि आता कारागीर म्हणून एकट्या काकू उरल्या होत्या. दिवसा गिऱ्हाइकाचं शिवायचं आणि मधल्या वेळात शेजाऱ्यांचं फुकटात जोडायचं, यात काकूंच्या नाकी नऊ आले होते.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. तो रोज फोन करायचा. "आई, बाबांना कशात तरी गुंतव. आई, त्यांना एकटं सोडू नकोस. आई, तू थोडा वेळ स्वतःसाठी काढ." या तिन्ही गोष्टी एकाच बाईने एकाच दिवसात कशा करायच्या, एवढं सोडून सगळं तो सांगायचा. पी हळद आणि हो गोरी. खाली बाकावर पत्ते खेळणारे मास्तरांचे जुने मित्र होते. मास्तर दिसले की ते आता घाईघाईने म्हणायचे, "मास्तर, आज चौघं पुरे झालो हं." आणि जिन्यात भेटणारे मास्तरांच्या डोक्यावरून काकूंना विचारायचे, "ओळखतात का हो अजून?" जणू मास्तर म्हणजे काकूंनी बाजारातून आणलेली पिशवी. मास्तरांची काकूंच्या दंडावरची बोटं घट्ट व्हायची. ते कोणाला दिसायचं नाही.

मग इमारतीत व्याख्यान झालं. सेक्रेटरींनीच ठरवलं होतं. सेक्रेटरी म्हणजे मोठ्या ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि बोलायचे तेही इस्त्री केलेलंच. एका संस्थेतून एक मॅडम आल्या. विस्मरण झालेल्या माणसांना आपण समाजात कसं सामावून घ्यावं, यावर तासभर बोलल्या. वाईट बोलल्या नाहीत, पोटतिडकीने बोलल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी लिफ्टच्या दारावर गोल चकती लागली: "आम्ही समजून घेतो." टाळ्या झाल्या. मास्तर तेव्हा वर घरात होते. गर्दीत त्यांना त्रास होईल, म्हणून त्यांना आणू नका असं सेक्रेटरींनी आधीच कळवलं होतं. शेजारची मुलगी त्यांच्याजवळ बसली होती. ज्याला सामावून घ्यायचं त्याला सोडून बाकी सगळे जण सामावले होते.

मॅडम गेल्या आणि सेक्रेटरी म्हणाले, "आता जमलोच आहोत, तर गच्चीचा विषय घेऊ."

विषय घेतला. कोणाचा शर्ट, कोणाची चादर, कोणाचा गणवेश. लोक चुकीचं बोलत होते असंही नाही. ज्याचा कपडा जातो त्याला राग येणारच. शेवटी सेक्रेटरींनी सुचवलं की काकूंच्या दाराला बाहेरून एक कडी लावावी. काकू कामात असतील किंवा बाहेर जातील तेव्हा ती घालावी. मास्तरांच्याच सुरक्षिततेसाठी. खर्च इमारत करील.

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी कितीतरी दिवसांत दुपारी डोळा मिटला नव्हता. मशीनवर कोणाची तरी चादर अजून अर्धीच जोडून पडली होती. कडी म्हटल्यावर त्यांना संताप यायला हवा होता. तो आला नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. "लावा," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी सुतार आला. त्याने दाराला खुणा केल्या आणि भोकं पाडायला घेतली. आवाज ऐकून मास्तर बाहेर आले. कोणीतरी कारागीर काम करतोय म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला. कोणी न सांगता त्यांनी दार हलू नये म्हणून हाताने धरून ठेवलं. दुसऱ्या तळहातावर स्क्रू घेतले आणि सुताराला एकेक द्यायला लागले.

"काय बसवतोयस?" त्यांनी विचारलं.

सुताराने काकूंकडे बघितलं. काकू मशीनकडे बघत होत्या. "कडी, मास्तर," सुतार म्हणाला. "बाहेरून."

"बाहेरून? मग आतल्याला बाहेर यायचं असलं तर?"

"त्याने येऊ नये म्हणूनच."

मास्तरांनी विचार केला. पुढचा स्क्रू दिला. मग म्हणाले, "असं काय केलं त्याने?"

सुताराने स्क्रू पिळला. काकूंचा मशीनवरचा पाय थांबला.

"बरं, आपल्याला काय," मास्तर म्हणाले. "पण भोकं सरळ रेषेत घे. तिरकी जातायत. काम करायचं तर नीट करावं."

काकूंच्या मस्तकात तिडीक गेली. कोणाची म्हणून सांगावी? सेक्रेटरींची, चकतीची, फोनवरच्या मुलाची, "लावा" म्हणणाऱ्या स्वतःच्या जिभेची, आणि सगळ्यात जास्त या माणसाची, जो स्वतःला कोंडायची कडी सरळ बसावी म्हणून स्क्रू हातात घेऊन उभा होता. इतका राग त्यांना तो कपडे उसवायचा तेव्हाही आला नव्हता.

"राहू दे," त्या सुताराला म्हणाल्या.

"काकू, अर्धी बसली की."

"मग अर्धी काढ. आणि माझ्याबरोबर वर चल. गच्चीत दोन हूक ठोकायचेत."

पाण्याच्या टाकीपासून कठड्याच्या भिंतीपर्यंत नवी दोरी बांधली गेली. काकूंनी घरातले जुने पडदे, खोळी, मास्तरांचेच जुने शर्ट आणून त्यावर टांगले आणि तशाच खाली उतरून सेक्रेटरींची बेल वाजवली. दोनदा.

"काकू, आपलं ठरलं होतं," सेक्रेटरी म्हणाले.

"तुमचं ठरलं होतं. मी दमले होते म्हणून हो म्हटलं."

"गच्ची सामाईक आहे. अशी कोणालाही दोरी बांधता येत नाही."

"सामाईक आहे ना? मग त्यांचीही आहे." काकूंचा आवाज चढला होता आणि त्यांनी तो उतरवला नाही. "साहेब, लिफ्टवर चकती लावलीत, आम्ही समजून घेतो. त्या दिवशी तासभर समजून घेणं चाललं होतं. हा माणूस रोज गच्चीवर का जातो, असं तुमच्यापैकी एकाने तरी मला विचारलं?"

सेक्रेटरींनी अर्धवट उघडलेलं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाले, "का जातात?"

काकूंनी सांगितलं. दुकानातली दोरी, संध्याकाळ, उसवलेला कपडा, सगळं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की हे आपणही आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, नुसत्या माफ्या मागत होतो.

"महिनाभर बघू," सेक्रेटरी शेवटी म्हणाले. "पण त्या दोरीबाहेरचा एक जरी कपडा त्यांनी घेतला, तर कडी बसेल. मग मला सांगायला येऊ नका."

मग काकूंनी इमारतीला शिकवायला घेतलं. मास्तर तुमच्या कपड्यापाशी दिसले तर हिसकावायचं नाही. "नाही नाही" करायचं नाही. "मास्तर, तपासणीची दोरी तिकडे आहे" एवढंच म्हणायचं आणि दोन पावलं बरोबर चालायचं. आणि मला ओळखलंत का, असं विचारायचं नाही. तुम्ही कोण ते सांगून मोकळं व्हायचं, त्यात तुमचं काही कमी होत नाही. काही जणांना हे पटकन जमलं. बाईंना तर फारच जमलं. त्या आता वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणायच्या, "मास्तर, मी दुसऱ्या मजल्यावरची, पँटवाली." चौथ्या मजल्यावरच्या एकीने मात्र कपडे घरातच वाळवायला सुरुवात केली आणि लिफ्टमध्ये भेटली की भिंतीकडे बघायची.

काकूंचं बघून लोकही आपले जुने कपडे आणून त्या दोरीवर टांगायला लागले, हे चांगलंच झालं. पण भटाला दिली ओसरी, अशी गत व्हायला किती वेळ लागतो? हळूहळू दोरीवर जुने नव्हे, तर दुरुस्तीचे कपडे यायला लागले. एकाने तर पँटला पिना टोचून उंची किती कमी करायची त्याची खूणही करून ठेवली. मास्तर उसवणार, काकू शिवणार आणि हे सकाळी येऊन आपापला कपडा काढून नेणार. काकूंनी जिन्यात उभं राहून मोठ्याने सांगितलं की या दोरीवर जे येईल त्याचं पोतेरंच होईल. मग भीतीने कपडे यायचे एकदम कमी झाले. नव्याचे नऊ दिवस संपले.

आणि महिना सरत आला असताना ते झालंच. त्या संध्याकाळी काकूंकडे एक गिऱ्हाईक अडून बसलं होतं. ते गेलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. काकू जिने चढून धापा टाकत गच्चीच्या दारात पोचल्या. मास्तरांची दोरी रिकामी होती. दुपारी सगळे कपडे काकूंनीच धुवायला काढले होते आणि नवा कोणी टांगला नव्हता. मास्तर दोरीपाशी उभे होते, हवेत हात फिरवत.

"काम कुठे गेलं सगळं?" ते म्हणत होते. "पोरं कुठे गेली?"

कपडे काढायला आलेली दोन-चार माणसं बादल्या घेऊन उभी होती. बाई होत्या. सेक्रेटरी होते, हातात आपल्या वाळलेल्या कपड्यांची घडी. मास्तर वळले. थेट सेक्रेटरींकडे गेले आणि त्यांच्या अंगातल्या शर्टाचा खांदा चिमटीत धरला.

काकूंना हाक मारायची होती, पण दमाने आवाज फुटेना.

मास्तरांनी सेक्रेटरींना हलकेच पाठमोरं वळवलं. खांद्यावरून अंगठा फिरवला, कोपराला हात लावला. आणि शिंप्याचा हात लागला की माणूस जसा आपोआप हात वर करतो, तसे सेक्रेटरींचे दोन्ही हात वर गेले. कपड्यांची घडी एका हातात तशीच.

"साहेब," मास्तर म्हणाले, "खांदा उतरलाय. असं तुम्हाला दुकानाबाहेर नाही पाठवणार मी. काढा."

सेक्रेटरींनी काकूंकडे बघितलं. काकूंच्या ओठांवर माफी आली होती, सवयीने. ती तिथेच राहिली. आता जे होईल ते होऊ दे, असं त्यांना वाटलं. रोज कोणाकोणाच्या पाया पडायचं?

सेक्रेटरींनी घडी कठड्यावर ठेवली. वरचं बटण काढलं, मग खालचं, मग सगळी. आणि संध्याकाळच्या उजेडात, चार शेजाऱ्यांसमोर, सेक्रेटरी बनियनवर उभे राहिले. ते बनियन काखेत फाटलेलं होतं.

"पण साहेब," बाई चाचरत म्हणाल्या, "तुमचंच ठरलं होतं ना, दोरीबाहेरचा कपडा त्यांनी घेतला तर..."

"घेतला कुठे त्यांनी?" सेक्रेटरी म्हणाले. "मी दिलाय."

त्यांनी शर्ट नेऊन मास्तरांच्या दोरीवर टांगला. दोन चिमटे लावले. मग बाजूला झाले.

मास्तरांनी चष्मा नाकावर सारला. ते दोरीच्या एका टोकापासून निघाले, रिकाम्या दोरीवरून हात फिरवत एकुलत्या शर्टापर्यंत आले, थांबले आणि खिशातून सुई काढून खांदा उसवायला लागले. काकू टाकीच्या ओट्यावर बसल्या. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला, कारण तो शर्ट शेवटी त्यांनाच शिवायचा होता.

सेक्रेटरी जवळ आले. हात छातीशी घेऊन हळूच म्हणाले, "सकाळपर्यंत होईल ना? आणि तेवढं कोपरापाशी पण जरा विरलंय..."

"सकाळपर्यंत काही होणार नाही," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "नंबराने मिळेल."

"बरं," सेक्रेटरी म्हणाले, आणि मास्तरांचा शर्टाच्या दुसऱ्या खांद्याला हात लागेपर्यंत बनियनवर तिथेच उभे राहिले.